विटा सोडायचं का?

(दृश्य: दुपार. गावातली रिकामी गल्ली.)

सांगली जिल्ह्यात, विटा शहराभोवतीच्या खानापूर तालुक्यातल्या गावांतून दुपारचं फिरा. दुमजली बंगले, ताजा रंग, आणि दाराला कुलूप. मालक कोइम्बतूरला, कानपूरला, नाहीतर केरळात. यात्रा आली की कुलूप निघतं, घर आठ-दहा दिवस नांदतं, पुन्हा बंद.

ही गलाईवाल्यांची घरं. सराफाकडची मोड, म्हणजे जुने-तुटके दागिने, मुशीत वितळवायची, तेजाबात घालून चांदी-तांबं वेगळं करायचं, शुद्ध सोनं परत द्यायचं. पेढीवर झाडून निघालेली धूळसुद्धा हे लोक पैसे मोजून घेतात, त्यातून सोन्याचा कण काढतात. धंदा जुनाच. पण १९७२च्या दुष्काळात घरटी एकेक माणूस बाहेर पडला आणि पाऊलवाटेचा रस्ता झाला.

(दृश्य: द्राक्षबाग. तारेला वेल बांधणारा तरुण.)

हा एकवीस वर्षांचा. बी.कॉम. झालाय. चुलत्याचं दुकान त्रिशूरला आहे आणि चुलत्याचा फोन दर रविवारी येतो. "ये की. सहा महिनं बघ. न्हाय करमलं तर गाडीत बस आन् परत जा."

याचे आजोबा गेले तेव्हा त्यांना कुणी सहा महिने बघ म्हणालं नव्हतं. विहिरीला पाणी नव्हतं, गेले. नातवाची अडचण अशी की आता पाणी आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं या माळावर चढवलंय. योजना १९९६ साली मंजूर झाली, पाणी शिवारात दिसायला मात्र लोकांची निम्मी उमर गेली. पण आलं. वडिलांनी एक एकर बाग लावली.

त्रिशूर म्हणजे सोन्याची मोठी बाजारपेठ. रोख हातात येते, हुन्नर शिकता येतो, पुढं स्वतःची भट्टी टाकता येते. आणि चुलता घरचाच, म्हणजे राहण्या-जेवणाचा प्रश्न नाही. असं आपण म्हणतो. खरं तर नवीन पोरगा आधी सगळ्यांची भाकरी थापतो, मग भट्टीजवळ बसतो. मल्याळम कानाला लागेपर्यंत सराफाशी खुणांनी बोलावं लागतं. तेजाबाचा तपकिरी धूर छातीत जातो. कुणी चोरीचं सोनं वितळवून नेलं, तर चौकशीला पोलीस आधी गलाईवाल्याच्याच दारात. आणि विट्याला वर्षभरात पडत नाही तेवढा पाऊस तिथं जून-जुलैत कोसळतो. दुष्काळी माणसाला त्याचं सुरुवातीला अप्रूप वाटतं, मग कपडे वाळत नाहीत.

इथं राहिला तर? बागेला औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज. छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि घड जागेवर जळतात. कधी माल चांगला निघतो आणि दर पडतो.

दोन्ही सांभाळू, असं आई म्हणते. पण ते बसत नाही. बागेची छाटणी ऑक्टोबरात, दिवाळीही तिच्याच आगंमागं, आणि सराफ बाजारालाही तेव्हा गर्दी असते. दोन्हीकडं माणूस एकाच वेळी लागतो.

लग्नाचं वेगळंच. एकेकाळी 'पोरगा गलाईत आहे' म्हटलं की सोयरीक जमायची. आता मुलीकडचे विचारतात, राहणार कुठं?

(दृश्य: यात्रेचा दिवस. उघडा बंगला, अंगणात चपलांचा ढीग.)

चुलता यात्रेला आलाय. सकाळी पालखी झाली, जेवणं झाली. तिकिटाचं काय केलंस, असं तो विचारील म्हणून पोरगा सकाळपासून चुकवतोय.

संध्याकाळी चुलता एकटाच बागेत गेला. पोरगा मोटार बंद करायला आला तेव्हा तो बांधावर बसून वेलीचं खोड चाचपत होता.

"एकरी खर्च किती आला रं?"

"का वो, नाना?"

"आसंच. माझी बी दोन एकर पडूनच हाय."