नाव उलाळ होते तेव्हा

नमस्कार मंडळी. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून खाली हतनूर धरणाचं पाणी तुंबलेलं असतं. तिथल्या एका जुन्या लाकडी नावेचं टू-स्ट्रोक इंजिन काढून मी फोर-स्ट्रोक बसवून दिलं. दोन्ही 15 हॉर्सपॉवरचीच. जुनं साधारण 36 किलोचं, नवं 50 च्या आसपास. एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं मला वाटलं.

पण ते ओझं पार शेवटच्या फळीवर. शेजारी हँडल धरून म्हातारा नावाडी, त्याच्या पायाशी 25 लिटर पेट्रोलची टाकी, म्हणजे आणखी वीसेक किलो. रेस दिली तसं नावेचं तोंड आभाळाकडे! पुढचं दिसेना म्हणून त्यानं एकदम रेस सोडली, तर मागून आपलीच लाट फळीवरून आत. म्हातारा एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी उलाळ झाली." केळीचे घड गाडीत मागे जास्त पडले की जू वर उचललं जातं, तसंच हे.

मग टाकी पुढे नेली, नळी लांब घेतली. अर्धं काम तिथंच झालं. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये भोकं असतात, त्यात आडवी पिन. ती फळीकडच्या भोकात घातली की तोंड खाली बसतं, लांबच्या भोकात घातली की वर येतं. एकेक भोक बदलून बघा. फार आत घेतलीत तर नाव पाणी नांगरत जाते. मात्र पिनेचा गुण चालत्या नावेला, उभ्या नावेचा तोल ओझं हलवूनच साधतो.

इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते, ती नावेच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं. खरेदीआधी फळीची उंची मोजा. 15 इंची दांड्याचं इंजिन वेगळं, 20 इंचीचं वेगळं.

आणि ती फळी आधी पान्यानं ठोकून बघा. टणक वाजली तर ठीक. आमची एका कोपऱ्यात भद्द वाजली, पेचकस लोण्यात जावा तसा रुतला. फळी बदलली, आरपार बोल्ट मारले, वर इंजिनाला साखळी.

आता म्हातारा एकटा निघाला की तोंडाशी वाळूची गोणी बांधतो. माणसं बसली की गोणी काठावर उतरवतो.