अवधाण, गंडमाळ आणि लिम्फोमा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पेशंट मला सहसा भेटत नाही, त्याची गाठ भेटते. प्लास्टिकच्या छोट्या बरणीत, फॉर्मलीनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रावणात, बुडवलेली, वर चिकटपट्टीवर नाव, वय आणि डॉक्टरांनी घाईत लिहिलेलं, "मानेची गाठ, टीबी का लिम्फोमा?" हा एक प्रश्न मी इतक्या वेळा वाचलाय की तुम्ही बोलायला बोलावलंत तेव्हा दुसरा विषय डोक्यात आलाच नाही.

इथे साठीच्या पुढचे बरेच जण दिसतायत, तुम्हाला अवधाण हा शब्द माहीत असणार. पायाला ठेच लागायची, जखम चिघळायची आणि दोन दिवसांनी जांघेत गाठ यायची, आजी म्हणायची अवधाण आलंय, जखम बरी झाली की जाईल, आणि जायचंही. ती गाठ म्हणजेच लसिकाग्रंथी, डॉक्टर लिम्फ नोड म्हणतात ती. शरीरात अशा शेकडो आहेत, मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या सुजल्या की हाताला लागतात, छातीतल्या आणि पोटातल्या लागत नाहीत. त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, जंतू आला की त्या भराभर वाढतात, गाठ सुजते, काम झालं की ओसरते. लिम्फोमा हा याच पेशींचा कॅन्सर, त्यात यातलीच एखादी पेशी बिघडते आणि काहीही कारण नसताना वाढतच राहते. म्हणजे हे अवधाण असं की ज्याला जखमच नाही, आणि जे जात नाही.

मग घाबरायचं कधी? प्रत्येक गाठीला नाही. घसा दुखतोय, दात किडलाय, डोक्यात उवा झाल्यात, तरी मानेत गाठी येतात, लहान मुलांच्या मानेत तर छोट्या गाठी लागतातच. पण गाठ महिना-दीड महिना झाला तरी कमी होत नाही, दोन सेंटीमीटरच्या वर गेलीय, किंवा गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात आहे, तर दाखवायलाच हवी. आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते, दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, रबरासारखी लागते, आणि दुखत नाही म्हणूनच लोक महिनोन्महिने थांबतात. सोबत संध्याकाळचा ताप, रात्री कपडे-चादर बदलावी लागेल इतका घाम, सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरणं, ही तीन लक्षणं असतील तर अजिबात थांबू नका.

आता तुम्ही म्हणाल, ताप, घाम, वजन कमी, ही तर टीबीची लक्षणं. बरोबर, आणि खरी अडचण इथेच आहे. मानेतल्या टीबीच्या गाठींना आपल्याकडे जुना शब्द आहे, गंडमाळ. इतका कॉमन आजार की त्याला आपलं स्वतःचं नाव आहे, तेव्हा मानेत गाठ बघितली की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं साहजिक आहे, त्यात चूक नाही. चूक होते ती पुढे, जेव्हा पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या चालू होतात. कॉलेजला जाणारा मुलगा, गाठ, बारीक ताप, सहा महिन्यांचा कोर्स सुरू, दोन महिन्यांनी गाठ तेवढीच, मग औषध बदलून बघू, मग अजून थोडं थांबू, आणि माझ्या टेबलावर ती गाठ येते तेव्हा आठ महिने गेलेले असतात आणि ती टीबी नसते, हॉजकिन नावाचा लिम्फोमा असतो. अशा स्लाइड मी बघितल्यात आणि दरवेळी जीव तुटतो, कारण हा आजार बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

हा गोंधळ नुसता आपला नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली अशा गाठींच्या सात पेशंटचं वर्णन लिहिलं, तेही शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनी बघून. पुढे सॅम्युअल विल्क्स यांनी १८६५ साली रोगाला हॉजकिनचं नाव दिलं. आणि विशेष म्हणजे त्या पेशंटांपैकी काहींचे जपून ठेवलेले नमुने विसाव्या शतकात मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा ते सगळे काही त्या रोगाचे निघाले नाहीत. ज्याच्या नावाने रोग ओळखला जातो त्याची नजर सुद्धा पुरली नाही, तर बोटांनी चाचपून "ही टीबीचीच" असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? १८९८ साली कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींमधल्या मोठ्या विचित्र पेशी नीट दाखवल्या, पण त्यांना हा टीबीचाच एक प्रकार वाटला. नंतर १९०२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी तीच पेशी बारकाईने रेखाटली आणि ठामपणे सांगितलं की हा टीबी नाही, वेगळा आजार आहे. आज त्या पेशीला दोघांचं नाव आहे, रीड-स्टर्नबर्ग पेशी. दोन केंद्रकं, प्रत्येकात ठळक गोल ठिपका, घुबड आपल्याकडे बघतंय असं वाटतं.

पण ही पेशी फार थोडी असते. अख्ख्या गाठीत शंभरातली जेमतेम एखादी, बाकी सगळ्या साध्या, भोवती गोळा झालेल्या पेशी. त्यात भर म्हणजे हॉजकिनच्या गाठीत कधीकधी टीबीसारखे ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे बारीक पुंजके, पण दिसतात. आता बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढल्या, म्हणजे एफएनएसी केली, आणि सुईत नेमका ग्रॅन्युलोमा आला, तर रिपोर्ट काय जाणार? शितावरून भाताची परीक्षा होते कारण भाताचं प्रत्येक शीत सारखं असतं. लिम्फोमात तसं नसतं, इथे पेशी कशी आहे याच्याइतकंच ती कुठे बसलीय, गोल घोळक्यात आहे का पसरलीय, हे महत्त्वाचं असतं आणि सुईतून आलेल्या पेशींची मांडणी मोडलेली असते. सुई वाईट नाही, पहिली चाळणी म्हणून चांगली आहे, पण लिम्फोमाची शंका असेल तर शक्यतो गाठ अख्खी काढून द्यावी. पोटात खोल असेल तर जाड सुईने, सोनोग्राफी किंवा सीटीत बघून तुकडे घेतात, तेही चालतं.

आणि बरण्या दोन लागतात बरं का, हे नातेवाइकांनीही लक्षात ठेवा. एक फॉर्मलीनची, माझ्यासाठी. दुसरी साध्या सलाइनची, टीबीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू उगवून बघायला, आणि जीनएक्सपर्ट या टीबीच्या जंतूच्या जनुकांच्या टेस्टसाठी, कारण फॉर्मलीनमध्ये जंतू मरतो आणि मग कल्चरला काही उगवत नाही. गाठ काढायच्या आधी सर्जनला एवढंच विचारा, टीबीच्या टेस्टला वेगळा तुकडा पाठवणार ना? दुसरं, बायोप्सी होईपर्यंत स्टेरॉइड नको, अगदी जीवावर बेतलं असेल तरच. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, गाठ आठवड्यात उतरते, घरचे खूश होतात, आणि नंतर तुकडा घेतला तर त्यात नुसती मेलेली पेशी, नाव सांगताच येत नाही.

नाव इतकं महत्त्वाचं का? कारण लिम्फोमा हा एक आजार नाहीये, डझनावारी आहेत. हॉजकिन एका बाजूला, आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून नॉन-हॉजकिन म्हणतात. मला हे नाव कधीच आवडलं नाही, कारण त्यात एकमेकांशी काही संबंध नसलेले आजार एका पिशवीत भरलेत. यात सगळ्यात जास्त दिसणारा डिफ्यूज लार्ज बी-सेल, वेगाने वाढतो पण औषधाने बऱ्याच जणांचा पूर्ण जातो. फॉलिक्युलर त्याच्या उलट, वर्षानुवर्षं हळू चालतो, कधीकधी तर डॉक्टर सांगतात आत्ता औषध नको, फक्त लक्ष ठेवू, आणि घरच्यांना ते पचत नाही, कॅन्सर आहे आणि उपचार नाही असं कसं! पण काही पेशंटसाठी तेच योग्य असतं. बर्किट सगळ्यात तुफान, दिवस-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो. डेनिस बर्किट हे सर्जन युगांडात कंपालाला होते, तिथे १९५७ साली जबडे सुजलेली लहान मुलं बघून त्यांनी तो ओळखला, आणि पुढे १९६४ साली त्याच गाठींमधून एपस्टीन-बार व्हायरस सापडला. मायक्रोस्कोपखाली याच्या निळ्या पेशींमध्ये फिकट ठिपके दिसतात, चांदण्यांचं आभाळ म्हणतात त्याला, दिसायला फार सुंदर, पण दिसलं की मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, थेट फोन करते. मग जठरातला एक आहे, माल्ट लिम्फोमा, तो हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे होतो आणि सुरुवातीला सापडला तर नुसत्या अँटिबायोटिकच्या कोर्सनेही जाऊ शकतो! आणि त्वचेचा मायकोसिस फंगॉइड्स, ज्याला नायटा, एक्झिमा समजून लोक वर्षानुवर्षं मलम लावतात.

हे सगळे गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर बरेचदा सारखे दिसतात. म्हणून मार्कर लावतात, रिपोर्टमध्ये आयएचसी लिहिलेलं असतं ते. पेशीच्या अंगावरचं एखादं प्रोटीन असेल तर तिथे तपकिरी रंग येतो. लिम्फोसाइटच्या बी आणि टी अशा जाती असतात, आणि सीडी ही या प्रोटीनची नंबरवार नावं. सीडी २० आलं तर बी पेशी, सीडी ३ आलं तर टी पेशी, सीडी ३० आणि सीडी १५ मिळून आले तर हॉजकिनकडे कल. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढीत आहेत, बर्किटमध्ये हा आकडा जवळजवळ शंभर. काहीवेळा त्याच्याही पुढे जाऊन फिश टेस्ट करतात, गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेत का बघायला, बर्किटमध्ये बहुतेकदा ८ आणि १४ नंबरची, फॉलिक्युलरमध्ये १४ आणि १८ ची. हे आकडे नुसते कागदावर राहत नाहीत, रिटुक्सिमॅब हे औषध, अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं, ते सीडी २० लाच जाऊन चिकटतं. म्हणजे माझ्या स्लाइडवर जिथे तपकिरी रंग आला तिथेच सलाइनमधून औषध पोचणार. आता आपल्याच मुंबईत आयआयटी आणि टाटा हॉस्पिटलने मिळून तयार केलेली कार-टी थेरपी, ज्यात पेशंटच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात, २०२३ साली मंजूर झाली, तिचा नेम पण बी पेशीवरच्या सीडी १९ वर आहे.

पेट स्कॅनबद्दल थोडंच सांगते. तो आजार किती पसरलाय ते दाखवतो, जात दाखवत नाही. आणि चौथी स्टेज वाचून हातपाय गाळू नका, लिम्फोमातली चौथी स्टेज ही इतर कॅन्सरच्या चौथ्या स्टेजसारखी नसते, त्यातूनही लोक पूर्ण बरे होतात.

चिठ्ठीवर दोन प्रश्न आलेत. पहिला, गाठीला हत्यार लागलं की पसरतो का? नाही. लिम्फोमात बायोप्सीने आजार पसरत नाही, न केल्याने मात्र वेळ जातो. दुसरा, वार्षिक चेकअपमध्ये रक्त नॉर्मल होतं, मग लिम्फोमा कसा? असू शकतो हो, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी सगळं व्यवस्थित असूनही गाठीत लिम्फोमा असतो, रक्तावरून तो नाकारता येत नाही.

आणि रिपोर्टला आठवडा का लागतो विचारलंय कोणीतरी. गाठ फॉर्मलीनमध्ये मुरायला दिवस जातो, मग रात्रभर प्रोसेसिंग, मग मेणात बसवून ब्लॉक करायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप, मग पहिली स्लाइड, ती बघून कुठले मार्कर लावायचे ते ठरवायचं, ते लागायला अजून दोन-तीन दिवस. तो मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर गाठ परत काढावी लागत नाही, लॅबमध्ये अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागा, मिळतात, आणि मोठ्या सेंटरला गेलात की तिथे आधी तेच मागतात. फक्त नेताना कापसात गुंडाळून डबीत ठेवा, आणि मे महिन्यात गाडीच्या काचेशी उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.