हब, स्विच, राउटर: पत्ता कोण वाचतो?

नमस्कार मंडळी. घरातलं नेट बंद पडलं की आपण काय म्हणतो? ‘राउटर गंडलाय.’ त्या डब्याच्या पोटात खरं तर तीन-चार निरनिराळी यंत्रं एकत्र नांदतात, आणि नेमकं त्यातलं कोण गंडलंय हे कुणीच विचारत नाही. आज ती जरा सुटी करून बघू.

सुरुवात हबपासून. हब आता भंगारातच सापडेल, पण तो कळला की पुढचं सोपं जातं. चाळीच्या चौकात उभं राहून कुणी ‘कुलकर्णीऽऽ, फोन आलाय!’ अशी हाक मारली, की सगळ्या मजल्यांवरचे कान टवकारतात आणि कुलकर्णी तेवढे खाली येतात. हबचं काम तेवढंच. एका तारेतून आलेला सिग्नल बाकीच्या सगळ्या तारांत सोडून द्यायचा. पत्ता वाचायची त्याला अक्कलच नाही. दोन संगणक एकदम बोलले की टक्कर होते, दोघं गप्प बसतात, थोडं थांबून पुन्हा बोलतात. चार जणांत हे निभतं, चाळीस जणांत नुसता कालवा.

स्विच पत्ता वाचतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच 48 बिटांचा एक क्रमांक मिळतो, तो मॅक ॲड्रेस. येणाऱ्या निरोपावर पाठवणाऱ्याचा क्रमांक बघून स्विच टिपून ठेवतो, की हा तिसऱ्या पोर्टवर, म्हणजे केबल खोचायच्या तिसऱ्या भोकावर, राहतो. पुढच्या वेळी त्याच्यासाठी काही आलं की थेट तिसऱ्या पोर्टवर. अनोळखी क्रमांक आला तर मात्र तोही चौकात हाक मारतो. 1990च्या सुमारास इथरनेटचा, म्हणजे तारांनी जोडलेल्या नेटवर्कच्या पद्धतीचा, असा अनेक पोर्टांचा पहिला स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव. 1994 मध्ये सिस्को या नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं ती विकत घेतली.

स्विचची एक खोड मी स्वतः भोगली आहे. एका शाळेच्या लॅबमध्ये सकाळपासून सगळं ठप्प. स्विचचे सगळे दिवे एका लयीत फडफडतायत. तासाभरानं सापडलं, की साफसफाई करताना कुणीतरी लोंबणारी केबल दिसली म्हणून तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलं होतं. दोन्ही टोकं एकाच डब्यात! सगळ्यांसाठी मारलेली हाक एका पोर्टातून बाहेर, दुसऱ्यातून आत, पुन्हा बाहेर. इथरनेटच्या निरोपाला वयच नसतं, तो मरत नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 मध्ये शोधला होता: स्विचांनी आपसांत बोलून जास्तीची वाट स्वतःच बंद ठेवायची. त्यावर त्यांनी कविताही केली. पण स्वस्तातल्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते, आणि आमचा स्वस्तातलाच होता.

मग सगळ्या जगासाठी एकच मोठा स्विच का नाही चालत? मॅक ॲड्रेस आधार क्रमांकासारखा आहे. माणूस कोण ते कळतं, राहतो कुठे ते कळत नाही. नुसता आधार क्रमांक लिहून पत्र टाकलं तर पोस्टमननं काय करायचं? ‘कुठे’ सांगायला पिनकोड लागतो. 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, त्यामागे आपले कोकणातले श्रीराम भिकाजी वेलणकर होते. तेही संस्कृत कवी. नेटवर्क काय, टपाल काय, कवींशिवाय हलत नाही. पहिला अंक 4 दिसला की दिल्लीतल्या पोस्टाला गल्लीशी देणंघेणं नाही, थैली महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या बाजूला टाकायची. नेटवर्कमधला असा पिनकोड म्हणजे आयपी ॲड्रेस. राउटर तो असाच वाचतो, आधी सुरुवातीचा भाग, आणि पाकीट पुढच्या राउटरच्या गळ्यात घालतो. शिवाय प्रत्येक राउटर पाकिटावरचा एक आकडा एकानं कमी करतो. शून्य झाला की पाकीट टाकून देतो. म्हणजे इथे निरोपाला वय आहे. शाळेतली ती भुताटकी इथे कायमची चालू राहू शकत नाही.

आता घरचा डबा उघडू. फायबरच्या तारेतल्या प्रकाशाचे विजेचे सिग्नल करणारा भाग म्हणजे ओएनटी. पूर्वी टेलिफोनच्या तारेवर मोडेम बसायचा, त्याचा हा वारसदार. मागची चार भोकं म्हणजे स्विच. घरातल्या सगळ्यांना एकाच पत्त्यावर बाहेर नेतो तो राउटर. अँटेना ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या भागाच्या. आणि गंमत बघा, हबला आपण भंगारात काढलं, पण वाय-फायमध्ये चाळीचा तोच चौक परत आलाय. हवा एकच, एका चॅनेलवर एका वेळी साधारण एकानंच बोलायचं. म्हणून टीव्ही शक्यतो केबलनं जोडा, चौकात तेवढीच गर्दी कमी.

मागच्या रांगेतून आजी विचारतायत, ‘मग नेट गेलं की डबा बंद-चालू केला की झालं ना?’ आजी, आधी दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर डबा दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. प्रकाशच पोचत नाहीये. तार कपाटामागे दुमडली आहे का तेवढं बघा, नसेल तर लाइनमनला फोन करा.