ताऱ्यांच्या वाटेवर बिघाड झाला तर?

नमस्कार श्रोतेहो. माणूस दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जाईल का, हा विषय निघाला की सगळे आधी वेगाचं बोलतात, इंजिनाचं बोलतात. मी म्हणते आधी दुरुस्तीचं बोला.

नासाच्या व्हॉयेजर १ यानाचं काय झालं ते ऐका. १९७७ ला सोडलेलं यान, २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोताची, हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा सिग्नल यायचा पण त्यातून अर्थच लागेना. यान तेव्हा पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटर लांब, कमांड पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी साडेबावीस, म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि पंचेचाळीस तास थांबायचं! मार्च २०२४ मध्ये यानातल्या एका कॉम्प्युटरची अख्खी मेमरी उत्तरात आली, ती बिघाडाआधीच्या मेमरीशी ताडून पाहिली तेव्हा कळलं, एकच चिप गेलीय. ती बदलायला जाणार कोण? मग तिच्यातला कोड दुसरीकडे हलवायचं ठरलं, पण एवढी सलग जागा कुठेच नाही, म्हणून तुकडे केले, जागा मिळेल तिथे बसवले आणि परत एकमेकांशी जोडून घेतले. १८ एप्रिल २०२४ ला कमांड गेली, २० तारखेला यानाच्या तब्येतीचा नीट रिपोर्ट हातात! यान सांभाळणाऱ्या टीमला अजूनही कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं चाळावी लागतात बरं का.

असो. सूर्यानंतर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला सव्वाचार वर्षं लागतात. व्हॉयेजर सेकंदाला १७ किलोमीटर जातं, त्या वेगाने साधारण ७५ हजार वर्षं लागतील. आणि तिथून पृथ्वीला काही विचारलं तर उत्तर साडेआठ वर्षांनी. पंचेचाळीस तास नाही, साडेआठ वर्षं! म्हणजे दुरुस्ती करणारे, औषधपाणी बघणारे, सुटे भाग बनवणारे सगळे यानातच हवेत.

वेगाचं थोडक्यात सांगते. १९७०च्या दशकात ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने डेडॅलस नावाचा आराखडा केला, फ्यूजनवर, म्हणजे हलके अणू एकत्र जुळवून मिळणाऱ्या ऊर्जेवर चालणारा, प्रकाशाच्या १२ टक्के वेगाचा, त्याला इंधनच ५० हजार टन, तेही माणसाशिवाय आणि तिथे पोचून थांबायची सोय नाही.

मला जास्त काळजी यानाच्या आतल्या हवेची वाटते. १९९१ ला ॲरिझोनात बायोस्फिअर २ नावाच्या बंद काचघरात आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली, आणि ऑक्सिजन इतका घटला की बाहेरून सोडावा लागला. असे प्रयोग परत व्हायला हवेत, दोन नाही, वीस वर्षांचे, आणि बाहेरून काहीही आत न सोडता.