पाण्यात उभी पऱ्हाटी सुकते कशी?

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

ऑगस्ट-सप्टेंबरात चार-पाच दिवसांची झड लागते, मग एकदम उघाड पडते आणि ऊन चटका देतं. दुपारी शेतात जावं तर पायाखाली चिखल आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं मात्र खाली लोंबलेली. बुडाशी एवढी ओल असताना झाड सुकतंय म्हटल्यावर पहिला संशय रोगाचा येतो. मग कृषी केंद्रातून बुरशीनाशक येतं, जमलं तर एखादं महागडं टॉनिकही येतं. असं एखादं झाड उपटून मूळ उभं चिरून पाहा. आत सड नसेल, काळी-तपकिरी रेघ नसेल, तर तो रोग नव्हे. त्याला आकस्मिक मर म्हणतात. झाडाची मुळं गुदमरलेली असतात.

मूळही श्वास घेतं, आणि त्याला हवा मिळते ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण चाळीस ते साठ टक्के. ही माती पाणी पिऊन फुगते, भेगा बुजतात आणि पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी बसतं. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश. त्यामुळे जमिनीत असलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू मिळून दोन-एक दिवसांत संपवतात. ऑक्सिजन असताना साखरेच्या एका रेणूपासून मुळाला ऊर्जेचे तीसच्या आसपास एटीपी रेणू मिळतात. नसताना फक्त 2. एवढ्याशा ऊर्जेवर मूळ वाढ थांबवतं, अन्नद्रव्यं उचलणं थांबवतं. पाणी आत घेण्याचे त्याच्या पेशींमधले मार्गही मिटतात. वर ऊन पानांतून पाणी ओढत असतं आणि खालून पुरवठा बंद. भरल्या पाण्यात झाड माना टाकतं ते यामुळे. भातासारख्या पिकाच्या मुळात वरून हवा नेणाऱ्या नळ्या असतात. कपाशीजवळ ती सोय जवळपास नाहीच.

आता पातेगळीचं, म्हणजे पाती (फुलाच्या कळ्या) गळण्याचं. गुदमरलेल्या मुळात एसीसी नावाचा पदार्थ साठतो. त्याचं इथिलीन व्हायला ऑक्सिजन लागतो आणि तो मुळाशी नसतो. म्हणून हा पदार्थ रसाबरोबर वर चढतो, पानांपर्यंत पोचतो आणि तिथे ऑक्सिजन मिळताच त्याचं इथिलीन होतं. हा वायू पात्याच्या आणि कोवळ्या बोंडाच्या देठाशी तुटीचा थर तयार करतो. मग सकाळी सरीत पात्यांचा सडा दिसतो. फूल उमलल्यापासून दहा-बारा दिवसांपर्यंतचं बोंड असं गळतं. त्याहून मोठं सहसा टिकतं, पण ढगाळ दमट हवेत ते सडायची भीती असते. शिवाय कपाशीचा पराग पाणी लागताच फुटतो, म्हणून भर पावसात उमललेल्या फुलाचा फारसा भरवसा धरू नका.

पाणी साचलं की पानं पिवळी पडतात, त्याचं कारणही जमिनीतच आहे. हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर जगू लागतात आणि तुम्ही टाकलेल्या युरियाचा नत्र वायू होऊन उडून जातो. म्हणून पाणी साचलेलं असताना वरून खत फेकणं म्हणजे माझ्या मते निव्वळ पैसे पाण्यात घालणं. आधी पाणी काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळू द्या, मग काय ते द्या. तोवर पिकाला आधार हवा असेल तर दोन टक्के युरियाची, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅमची फवारणी करा. ते पानातून लागू पडतं, मुळावर भार येत नाही.

झाडं माना टाकू लागली असतील तर साचलेलं पाणी काढून 24 ते 48 तासांत हालचाल करावी लागते. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी 100 मिली आळवणी करा आणि खोडाजवळची माती पायाने दाबून घ्या. कॉपर आहे ते अशक्त मुळावर बुरशी चढू नये म्हणून. दुसरा उपाय कोबाल्ट क्लोराईडच्या फवारणीचा: 200 लिटर पाण्यात 2 ग्रॅम. एसीसीचं इथिलीन होण्याची पायरीच तो अडवतो. मात्रा एवढीशीच आहे, अंदाजाने वाढवू नका. आणि पूर्ण वाळलेल्या झाडावर यातलं काहीच चालत नाही.

खरी तयारी शेवटच्या डवरणीला, म्हणजे ओळींमध्ये डवरा (कोळपं) फिरवताना करायची. डवऱ्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या उभ्या दांड्यांना) दोरी गुंडाळा, म्हणजे माती दोन्हीकडे ओढली जाऊन ओळींच्या मधोमध सरी पडते. जादा पाणी सरीतून उतरतं, बूड उंचावर राहतं, आणि पुढे पावसाने ताण दिला तर याच सऱ्या पाणी मुरवतात. मात्र सरीचं तोंड धुऱ्याशी (बांधाशी) बंद ठेवाल तर ती नुसती डबकी होतील. ते नाल्याकडे मोकळं हवं, आणि शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडून भांडण ओढवून घेऊ नका!

नुकसान किती धरायचं, हे महिना पाहून ठरतं. ऑगस्टात पाती गळली तर कपाशी पुन्हा धरते, कारण ती शेंड्याकडे वाढत राहते आणि नवी पाती देते. पात्याचं फूल व्हायला तीन आठवडे, फुलाचं बोंड फुटायला 45 ते 50 दिवस. हा हिशेब सप्टेंबरअखेरच्या नुकसानीला लावून पाहा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलेलं पातं फुटेपर्यंत डिसेंबर मध्यावर येतो, कोरडवाहू जमिनीत तोवर ओल राहत नाही, आणि त्या उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळी टपलेलीच असते. अशा शेतात पुन्हा खतावर खर्च करण्यापेक्षा खालची तयार बोंडं कोरडी वेचून घ्या, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) वेगळी ठेवा आणि सोय असेल तर रान लवकर मोकळं करून हरभरा पेरा.