दिवाळीच्या यादीत पुस्तकाचं दुकान

(पुण्यातल्या एका वाचनालयात दिवाळीच्या आधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आलीय, घरी चकलीची भाजणी करायची असेल, आणि तरी तुम्ही संध्याकाळचा वेळ काढून इथे येऊन बसलात, याबद्दल आधी तुमचे आभार.

मला जे सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकते. दिवाळीत पुस्तकं घ्या, आणि ती आपल्या भागातल्या दुकानात जाऊन घ्या. दसऱ्यापासून भाऊबिजेपर्यंत त्या दुकानात जो गल्ला जमतो, त्याच्या जोरावर ते दुकान उरलेलं वर्षभर सावकाश खपणारी पुस्तकं ठेवू शकतं. कवितासंग्रह, इतिहासाच्या साधनांवरचा एखादा जाड ग्रंथ, मराठवाड्यातल्या नव्या लेखिकेची पहिली कादंबरी, ही पुस्तकं फेब्रुवारीत आपल्याला हाताळायला मिळतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या विक्रीमुळे. मी बरीच वर्षं प्रकाशनाच्या विक्री विभागात काम केलं. दुकानांना माल पाठवायचा, चलनं मांडायची, परत आलेल्या प्रती मोजायच्या, हेच काम होतं. त्यामुळे हे मी हिशेबाच्या वह्यांमध्ये पाहिलेलं आहे.

पुण्यात पुस्तक आणि बाजारपेठ कायम शेजारी राहिली आहेत. लक्ष्मी रस्त्यावर साडी बघून बाहेर पडलात की जवळच पुणे नगर वाचन मंदिर आहे, 1848 सालचं. तिथून चार पावलांवर अप्पा बळवंत चौक. जूनमध्ये तिथे शाळेच्या पुस्तकांसाठी पालकांची झुंबड असते, आणि दिवाळीत त्याच फुटपाथवरून लोक अंकांचे गठ्ठे हातात घेऊन चाललेले दिसतात. डेक्कनवर 1931 साली इंटरनॅशनल बुक सर्व्हिस सुरू झालं आणि या शहराच्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी वाचन तिथून सुरू केलं. कॅम्पातलं मॅनीज मात्र 2012 साली बंद झालं. ज्यांनी तिथे दुपारच्या दुपारी घालवल्या त्यांना आजही मोलेदिना रस्त्यावरून जाताना चुकल्यासारखं होतं. दुकान बंद झालं की पुस्तकं दुसरीकडे मिळतात, पण तुम्हाला ओळखणारा माणूस दुसरीकडे मिळत नाही.

आता दिवाळी अंकांकडे येते, कारण आपल्याकडे दिवाळीतली वाचनखरेदी तिथूनच सुरू होते. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. शंभराहून अधिक वर्षं झाली, महायुद्धं झाली, कागदाची टंचाई झाली, करोनाचं वर्ष गेलं, तरी अंक निघतच राहिले. कपडे, फराळ, आकाशकंदील यांच्या बरोबरीने साहित्यही सणाच्या खरेदीत असतं, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. मला तो फार वाटतो.

दसरा झाला की दुकानात गठ्ठे यायला लागतात. सकाळी टेम्पो येतो तेव्हा शटर अर्धंच वर असतं. दुकानातला मुलगा गठ्ठा आत ओढतो, सुतळी कापतो आणि चलन समोर ठेवून प्रती मोजतो. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या अंकावर सुतळीचा वळ उठलेला असतो, कोपरा दुमडलेला असतो. त्या दोन प्रती तो बाजूला काढून दर्शनी ठेवतो, गिऱ्हाइकाने चाळायला. तुम्ही दुकानात उभ्या उभ्या ज्या अंकाची अनुक्रमणिका वाचता, तो बहुतेक वेळा हा वळ उठलेला अंक असतो. नीट असलेली प्रत खालून काढून तुम्हाला दिली जाते.

अंकांचं एक दुखणंही आहे. तुळशीचं लग्न झालं की त्यांची मागणी ओसरते. पुस्तक सहा महिन्यांनी विकलं जाऊ शकतं. दिवाळी अंक डिसेंबरात कुणी मागत नाही. म्हणून दुकानदार आधी नोंदणी करा म्हणून मागे लागतो. पाच-सहा अंकांचा संच आगाऊ नोंदवलात तर सवलत मिळते हा तुमचा फायदा. पण त्याला किती प्रती मागवायच्या हे कळतं, हा त्याहून मोठा फायदा. इथे आलेल्यांपैकी ज्यांनी अजून नोंदवले नसतील त्यांनी उद्याच नोंदवावेत. घरात मूल असेल तर त्याच्या नावाचा एक अंक वेगळा घ्या. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून निघतंय, ‘साधना’ बालकुमारांसाठी स्वतंत्र दिवाळी अंक काढतं. मुलाला आपला अंक, आपल्या उशाशी, अशी सवय लागली पाहिजे.

भेटीच्या पुस्तकांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण जवळच्या दुकानाचं खरं काम तिथे दिसतं.

एका दुकानात मी अशीच हिशेबाला गेले होते. एक आजी आल्या. त्यांना नातवासाठी पाडव्याला पुस्तक द्यायचं होतं. ‘नऊ वर्षांचा आहे, इंग्रजी शाळेत जातो, मराठी बोलतो छान, पण वाचायला कंटाळतो,’ एवढं त्या म्हणाल्या. काउंटरवरच्या ताईंनी लगेच पुस्तक काढून दिलं नाही. आधी विचारलं, ‘अडखळतो कुठे? जोडाक्षरांवर की मोठ्या वाक्यांवर?’ आजींना सांगता येईना. मग ताईंनी तीन पुस्तकं समोर उघडून ठेवली आणि त्यातलं एकेक पान दाखवलं. पहिल्यात पानावर चार ओळी, मोठा टाइप, पण गोष्ट पाच वर्षांच्या मुलाची. ताई म्हणाल्या, ‘हे दिलंत तर त्याला अपमान वाटेल.’ दुसऱ्यात गोष्ट त्याच्या वयाची, पण पान गच्च भरलेलं. तिसऱ्यात विषय क्रिकेटचा, परिच्छेद छोटे, दर पानावर चित्र, संवाद भरपूर. ‘संवाद असले की मुलं रेटून नेतात. पहिली दोन पानं तुम्ही वाचा, तिसरं त्याला वाचू द्या. आणि आत्ता त्यावर नाव घालू नका. नाही आवडलं तर भाऊबिजेनंतर बदलून न्या.’

या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागली असतील. पुस्तक दीडशे रुपयांच्या आतलं होतं. दुकानाला त्यात किती मिळालं असेल याचा विचार करा, आणि त्या नातवाला काय मिळालं असेल याचाही. मोबाइलवर ‘नऊ वर्षांच्या मुलासाठी मराठी पुस्तक’ असं शोधलं तर पानभर मुखपृष्ठं दिसतात, पण आतली ओळ किती लांब आहे ते कळत नाही. पुस्तकाचं नाव ठाऊक असेल तर ते कुठूनही मागवता येतं. माणूस ठाऊक आहे आणि पुस्तक ठाऊक नाही, अशा वेळी दुकानातच जावं लागतं. आणि दिवाळीत आपण नेमके अशाच अवस्थेत असतो.

सवलतीचा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो, म्हणून आत्ताच त्याचा हिशेब मांडते. समजा, पुस्तकाची छापील किंमत 400 रुपये आहे. दुकानाला साधारण 35 टक्के कमिशन मिळालं असं धरू. म्हणजे 140 रुपये. आपण दहा टक्के सूट मागितली की 40 रुपये गेले, उरले 100. त्यातून जागेचं भाडं, दोन माणसांचे पगार, वीज, टेम्पो. शिवाय एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, ते वाचकाच्या दृष्टीने उत्तमच. पण विक्रीवर कर नसल्यामुळे दुकानदाराने भाड्यावर, संगणकावर, फर्निचरवर भरलेला जीएसटी त्याला वळता करून मिळत नाही. तो त्याच्याच खिशातून जातो. कापडवाल्याला ही अडचण नाही. घरपोच विकणाऱ्या मोठ्या कंपन्या तीस टक्के सूट देतात तेव्हा त्यांना पुस्तकावर पोट भरायचं नसतं. त्या मिक्सरही विकतात. तेव्हा माझं आग्रहाचं म्हणणं असं की, दुकानदाराने आपणहून सूट दिली तर घ्या, पण मागू नका. दहा टक्के म्हणजे 40 रुपये. दिवाळीच्या एका खरेदीत आपण रिक्षावर याहून जास्त घालवतो.

आता नव्या पुस्तकांबद्दल. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची असते, आता बरेचदा त्याहूनही कमी. एवढ्या प्रती अख्ख्या महाराष्ट्रात पसरायच्या. सार्वजनिक ग्रंथालयं विकत घेतात, पण त्यांची खरेदी अनुदान येईल तशी, बरीचशी मार्चअखेरीच्या सुमाराला होते. सामान्य वाचक खिशातून पैसे काढून पुस्तक घेतो तो काळ म्हणजे दिवाळी. म्हणून प्रकाशक दसरा-दिवाळीचा मुहूर्त धरतात, प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात आणि छापखान्याच्या मागे लागतात.

दुकानात नवं पुस्तक आलं की ते आधी टेबलावर आडवं लागतं, मुखपृष्ठ वर करून. तीन-चार आठवडे त्याला ती जागा मिळते. खपलं तर दुकानदार फोन करून आणखी पाच प्रती मागवतो. नाही खपलं तर ते कपाटात उभं जातं, नुसता कणा दिसतो, आणि अनोळखी लेखकाचा कणा बघून कुणी हात घालत नाही. मग काही महिन्यांनी ते परतीच्या गठ्ठ्यात जातं. परत आलेल्या प्रती मी मोजलेल्या आहेत. काही इतक्या चांगल्या पुस्तकांच्या होत्या, की ती मोजणी करताना जीव तुटायचा. त्या पुस्तकांत काहीच खोट नव्हती. त्या चार आठवड्यांत त्या टेबलापाशी योग्य वाचक आला नव्हता, एवढंच. आणि दुकानदाराला आणखी चार आठवडे थांबायला परवडलं नव्हतं. दिवाळी चांगली गेलेलं दुकान थांबू शकतं. पुण्यातच काही दुकानदार असे आहेत की, स्वतःला आवडलेलं पुस्तक ते टेबलावरून उचलू देत नाहीत. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘हे दहा पानं वाचून बघा’ म्हणतात आणि सबंध आवृत्तीतला मोठा वाटा एकहाती विकतात. अशा माणसांचं आपल्या वाङ्मयावर मोठं ऋण आहे आणि ते कुठल्याही वाङ्मयेतिहासात नोंदलं जात नाही.

काही जण म्हणतील, आम्ही डिसेंबरात महोत्सवातून घेतो. 2023 पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतोय, मी स्वतः जाते, तुम्हीही जा. परप्रांतातले प्रकाशक तिथे येतात, एरवी दिसणार नाहीत अशी पुस्तकं दिसतात, तरुण मुलामुलींची ती गर्दी पाहून फार बरं वाटतं. फक्त दिवाळीची खरेदी त्यासाठी पुढे ढकलू नका. महोत्सव नऊ-दहा दिवसांचा. कोपऱ्यावरचं दुकान जुलैच्या पावसातही उघडं असतं.

थोडं व्यवहाराचं बोलते. शनिवार-रविवार संध्याकाळी पेठेत जाऊ नका. गर्दीत ना तुम्हाला चाळता येतं ना दुकानातल्या माणसाला बोलता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दुकान उघडल्यावर जा. फराळाच्या डब्यांची जशी यादी करतो तशी माणसांची यादी करा आणि प्रत्येकासमोर पुस्तकाचं नाव लिहू नका, तो माणूस सध्या कशात रमलाय ते लिहा. आईला गुडघेदुखीमुळे बाहेर पडता येत नाही, भाच्याने पक्षी बघायला सुरुवात केलीय, घरकामाच्या मावशींची मुलगी दहावीला आहे. ही यादी काउंटरवर ठेवा. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांसाठी पुस्तक घेणार असाल तर मुलांना दुकानात सोबत न्या आणि त्यांना निवडू द्या.

बाहेरगावी भेट पाठवायची असेल तर बरीच दुकानं बांधून पाठवतात. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट ही सवलतीची सेवा सुरू केली आहे. अभ्यासक्रमातली, तसंच सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं पाच किलोपर्यंत तिच्यातून जातात. तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते आधी पोस्टात विचारून घ्या, आणि भाऊबीज गाठायची असेल तर आठ-दहा दिवस हाताशी ठेवा.

हवं ते पुस्तक दुकानात नसेल तर निघून येऊ नका. नाव, प्रकाशक आणि आपला नंबर लिहून द्या. प्रकाशकाचं कार्यालय नारायण पेठेत, सदाशिव पेठेत किंवा शनिवार पेठेत असेल तर प्रत दोन दिवसांत येते, मुंबईहून यायची असेल तर थोडे अधिक. मात्र नोंदवलेलं पुस्तक न्यायला नक्की या. तुम्ही आला नाहीत तर ती एक प्रत परत पाठवायचं भाडंही दुकानदारालाच पडतं, आणि पुढच्या वेळी तो अनोळखी पुस्तक मागवताना कचरतो.

माझं बोलणं झालं. काही विचारायचं असेल तर विचारा, मी थांबलेय.