कप्तानसाहेब, कोणतं साल?

[दृश्य: काळं पाणी. लाटांवर चंद्राची एक पुसट रेघ. दुरून डिझेल इंजिनाची घरघर.]

सायलेंट हंटर ३ हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या कप्तानाचा संगणक-खेळ. त्यात नवं करिअर सुरू करायला गेलात की खेळ तुम्हाला एक साधासा प्रश्न विचारतो. कोणतं साल?

बहुतेक नवखे खेळाडू इथे थांबत नाहीत. काहीतरी निवडतात आणि पुढे जातात, कारण त्यांना टॉर्पेडो सोडायची घाई असते. पण या खेळातला सगळ्यात मोठा निर्णय तिथेच, त्या एका क्लिकमध्ये होऊन गेलेला असतो. सेटिंगमध्ये वास्तवतेची टक्केवारी आहे, ती वरखाली करता येते. खरी काठिण्यपातळी मात्र त्या सालात दडलेली आहे. १९३९ घेतलंत तर चुका करायला, त्यातून शिकायला जागा मिळते. १९४३ घेतलंत तर समुद्र तोच, टॉर्पेडोच्या नळ्या तेवढ्याच, आणि तुम्ही दुसऱ्या गस्तीवरून परत याल याची काही खात्री नाही.

[दृश्य: खेळाची सुरुवातीची स्क्रीन. जर्मन नौदलाच्या तळावरचं कप्तानाचं दालन.]

खेळ २००५ च्या मार्चमध्ये आला. युबिसॉफ्टच्या रोमानियातल्या स्टुडिओने तो केला. त्याआधी तो एकदा लांबणीवर पडला होता, आणि त्यामागचं कारण या व्हिडिओच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. ठरलेल्या मोहिमा एकामागून एक खेळायच्या, एवढ्यावर चाहते खूश नव्हते. त्यांना जिवंत समुद्र हवा होता. तो त्यांना मिळाला. या करिअरमध्ये मालवाहू जहाजं आपापल्या बंदरांतून आपापल्या वेळेला निघतात, काफिले, म्हणजे रक्षक नौकांसोबत एकत्र निघालेली मालवाहू जहाजं, आपल्या वाटेने जातात. तुम्ही तिथे असा वा नसा. म्हणून सलग चार दिवस समुद्रात काहीच दिसलं नाही तर खेळ बिघडलाय असं समजू नका. समुद्र मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

करिअरला हात घालण्याआधी नौदल अकादमीतले धडे करून घ्या. नौकानयन, तोफ, विमानविरोधी मारा, टॉर्पेडो, शेवटी काफिल्यावरचा हल्ला. कंटाळवाणे आहेत, कबूल. पण त्यात चांगले गुण मिळवलेत तर करिअरच्या सुरुवातीला नावलौकिकाचे काही गुण जास्त मिळतात. आणि नावलौकिक हेच इथलं चलन आहे. चांगले खलाशी, चांगले टॉर्पेडो, पुढे नवी पाणबुडी, सगळं त्याच पैशात.

[दृश्य: कीलचा धक्का. छोटी करडी पाणबुडी.]

आता साल १९३९, तळ जर्मनीतलं कील बंदर, पहिला फ्लोटिला, म्हणजे पाणबुड्यांचं पथक. हाती येते ती टाइप २. पाहून निराश व्हाल. पुढे ३ नळ्या, एकूण ५ टॉर्पेडो, आत जेमतेम २५ माणसं. जहाजावर डागता येईल अशी मोठी तोफ नाही. खुद्द जर्मन खलाशी हिला ‘आइनबाउम’ म्हणायचे, म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेलं होडकं.

मोठी बोट हवी असेल तर सातवा फ्लोटिला घ्या. तिथे टाइप ७ मिळते. १४ टॉर्पेडो, ५ नळ्या, वर ८.८ सेंटिमीटरची तोफ. युद्धात सर्वांत जास्त बांधली गेली ती याच घराण्यातली ७-सी. लांबी ६७ मीटर, पृष्ठभागावर १७ नॉटहून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जास्त वेग, १० नॉटने गेलं तर ८,५०० सागरी मैलांचा पल्ला.

तरी माझं मत असं की पहिलं करिअर त्या होडक्यातच करा. ५ टॉर्पेडो असले की माणूस प्रत्येकाचा विचार करतो. १४ असले की उधळतो.

[दृश्य: नकाशा. उत्तर समुद्रावर चौकोनांची जाळी.]

आदेश येतो तो एका चौकोनाचा. जर्मन नौदलाने सगळा समुद्र अक्षरांच्या चौकोनांत वाटला होता, खेळानेही तीच पद्धत घेतली आहे. ‘ए-एन’ म्हणजे उत्तर समुद्र. ‘बी-एफ’ म्हणजे बिस्केच्या उपसागराचा भाग. दिलेल्या चौकोनात जायचं, तिथे २४ तास गस्त घालायची. मग परतायला तुम्ही मोकळे, किंवा इंधन पुरेल तोवर शिकार शोधायला मोकळे.

जाण्या-येण्याचा काळ खेळात १,०२४ पटीने पळवता येतो. हिशोब करून बघा. १० नॉटने ८,५०० मैल म्हणजे ८५० तास, पस्तीसएक दिवस. १,०२४ पटीने ते पन्नास मिनिटांत संपतात. ज्या माणसांनी ही वाट खरोखर कापली त्यांना मात्र ते पस्तीस दिवस पूर्ण जगावे लागले. ओल्या कपड्यांत, बुरशी चढलेल्या पावासह, आळीपाळीने वापरायच्या बिछान्यांवर. खेळातला हा वेग किनारा जवळ आला किंवा जहाज दिसलं की आपोआप खाली येतो. तो खाली आला की छातीत धस्स होतं. त्या क्षणासाठीच तर खेळायचं.

एक व्यावहारिक सूचना. खेळ सेव्ह करायचा तर पाण्याच्या वर असताना, आसपास कुणी नसताना करा. पाण्याखाली, शत्रूच्या सान्निध्यात केलेली सेव्ह पुढे दगा देते, हे जुन्या खेळाडूंनी ठेचा खाऊन शिकलेलं शहाणपण आहे.

[दृश्य: पेरिस्कोपचं गोल भिंग. क्षितिजावर धूर.]

तर धूर दिसला. एकटं मालवाहू जहाज, सोबत रक्षक नाही. १९३९ मध्ये अशी जहाजं भेटतात.

नेम धरायची मदत चालू ठेवली असेल तर लक्ष्यावर एक छोटा त्रिकोण दिसतो. हिरवा झाला की सोडा. पहिल्या दोन-तीन गस्तींना हे ठीक आहे. पण हाताने हिशोब करायला लागलात की खेळ वेगळाच होतो, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही.

नकाशावर पेन्सिल आहे, पट्टी आहे, स्टॉपवॉच आहे. जहाजाच्या जागेवर एक खूण करा. ३ मिनिटं १५ सेकंद थांबा. दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर जितके शे मीटर, तितके नॉट त्याचा वेग. ७०० मीटर गेलं तर ७ नॉट. जादू नाही यात. एक नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर, आणि त्या चालीने १९५ सेकंदांत बरोबर १०० मीटर होतात.

आता त्याच्या वाटेच्या बाजूला, वाटेपासून ८०० मीटरवर जाऊन बसा. नाक त्याच्या वाटेशी काटकोनात. इंजिन अगदी हळू. विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉटने जातो, आणि मागे बुडबुड्यांची रेघ सोडत नाही. ८०० मीटर कापायला त्याला ५२ सेकंद लागतात. तेवढ्यात ७ नॉटचं जहाज १८५ मीटरच्या आसपास पुढे सरकतं. म्हणजे ते तुमच्या नाकासमोर यायला १३ अंश बाकी असतानाच टॉर्पेडो सोडायचा. नळीचं दार आधीच उघडून ठेवा. ते विसरलात तर दार उघडण्यात वेळ जातो आणि टॉर्पेडो जहाजाच्या शेपटामागून निघून जातो.

[दृश्य: स्टॉपवॉच. काटा पन्नासच्या पुढे. काही होत नाही.]

आणि कधी कधी काहीच होत नाही. गणित बरोबर, नेम बरोबर, टॉर्पेडो फुसका. वास्तवतेच्या यादीत हा पर्याय आहे, तो बंद करू नका. १९४० च्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन कप्तानांवर हीच वेळ आली होती. चुंबकीय ट्रिगर, म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडो फोडणारी कळ, आधीच फुटायचे नाहीतर फुटायचेच नाहीत, आणि टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल पळायचे. म्हणून सुरुवातीच्या काळात धडकेवर फुटणारा ट्रिगर बरा. खोली कमी ठेवा, आणि कोन काटकोनाच्या जवळ. फार तिरका बसला तर घसरून जातो.

[दृश्य: पडदा जवळजवळ काळा. पिंग. शांतता. पिंग.]

एकट्या जहाजावर हात बसला की प्रत्येकाला काफिला हवा असतो. काफिल्यासोबत विनाशिका येतात.

इथे नवखा जी चूक करतो ती मीही केली. घाबरून पूर्ण वेगाने पळायला लागलो. पाण्याखाली ७-सी चा कमाल वेग साडेसात नॉटच्या आसपास, आणि त्या वेगाने बॅटरी तास-दोन तासांत संपते. शिवाय आवाज इतका की वरचा माणूस कानाला हेडफोन लावून तुमचा पत्ता विचारतही नाही. ४ नॉटने गेलात तर तीच बॅटरी ८० मैल पुरते, म्हणजे २० तास.

मग सुटायचं कसं? विनाशिकेच्या आवाजलहरींचं यंत्र, अ‍ॅस्डिक, समोर बघतं. ती अगदी डोक्यावर आली की शेवटच्या टप्प्यात तुम्ही तिच्या कक्षेतून निसटता. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारा पिंपाएवढा बॉम्ब, ती मागे टाकते, अंदाजाने. आणि तो पिंप सेकंदाला साधारण ३ मीटर या गतीने बुडतो. तुम्ही १५० मीटरवर असाल तर तुमच्याकडे ५० सेकंद आहेत. २ नॉटने त्या वेळात ५० मीटर हलाल. ७ नॉटने १८०. म्हणून हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, तिच्या पंख्यांचा ठेका वाढेपर्यंत गप्प राहायचं. ठेका वाढला, ती धावून आली, की सुकाणू पूर्ण एका बाजूला आणि इंजिन पूर्ण वेगात. तिच्याच गोंगाटात तुमचा गोंगाट बुडतो. स्फोट संपत आले की पुन्हा गप्प.

हे एकदा जमलं की खूप बरं वाटतं. सहाव्यांदा करताना बरं वाटत नाही. बॅटरी उतरत असते, हवेतला कार्बन डायऑक्साइड चढत असतो, आणि वर आता दोन जणी असतात.

[दृश्य: वर्षं बदलत जातात. १९४०. १९४१.]

करिअर पुढे सरकतं तसं ते साल बोलायला लागतं. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोरिआं, सेंट नाझेर, ब्रेस्ट ही बंदरं जर्मनांच्या हाती आली. अटलांटिक एकदम जवळ आला. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची शहरं दिवे लावून बसली होती आणि त्या उजेडात जहाजांच्या आकृत्या ठळक दिसत. लांब पल्ल्याची टाइप ९ घेतलेल्या खेळाडूला हा काळ फार आवडतो.

पण त्याआधीच एक महिना येऊन गेलेला असतो, १९४१ चा मार्च. जर्मन कप्तान गुंथर प्रीन, ज्याने १४ ऑक्टोबर १९३९ ला स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदल तळाच्या नांगरवाड्यात घुसून रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली, तो आपल्या यू-४७ या पाणबुडीसह बेपत्ता झाला. दुसरा कप्तान योआखिम शेप्के ठार झाला, ब्रिटिश विनाशिकेने त्याची बोट रात्रीच्या अंधारात रडारवर पकडली. त्याच रात्री ऑटो क्रेचमर कैद झाला. सर्वांत जास्त टनाची जहाजं बुडवणारा कप्तान तोच ठरला, आणि युद्धाला दोन वर्षंही झाली नव्हती. पहिल्याच गस्तीवर स्कापा फ्लो गाठायची हौस अनेकांना येते. जाऊन बघा. पण सेव्ह आधी करा.

१९४३ च्या मे महिन्यात एकाच महिन्यात ४० हून अधिक जर्मन पाणबुड्या बुडाल्या. कमी तरंगलांबीचं रडार आलं होतं, लांब पल्ल्याची विमानं आली होती, काफिल्यांसोबत छोट्या विमानवाहू नौका आल्या होत्या. महिना संपण्याआधीच जर्मन नौदलाचा प्रमुख ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. खेळात याची घोषणा मोठ्याने होत नाही. फक्त रात्री पृष्ठभागावर बॅटरी भरत असताना, जिथे कालपर्यंत सुरक्षित होतं तिथे, आकाशातून अचानक विमान उतरतं.

जर्मन पाणबुड्यांवर सुमारे ४० हजार माणसं गेली. त्यातली पाऊण परत आली नाहीत. आणि त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरचे व्यापारी खलाशी हजारोंनी मेले, ज्यांच्याकडे बहुतेकदा उलट मारायला काही नव्हतं. आपण कुणाच्या बाजूने खेळतोय हा प्रश्न हा खेळ विचारत नाही. मला तो पेरिस्कोपमध्ये जळणारं जहाज मोठं करून पाहताना पडतो, आणि पडावा असंच वाटतं.

जुने खेळाडू एक नियम स्वतःवर लादून घेतात. मेलास तर मेलास. जुनी सेव्ह उघडायची नाही, करिअर तिथेच संपलं. या नियमाने खेळणाऱ्याची वागणूक बघण्यासारखी असते. हवा खराब असेल तर तो हल्ला सोडून देतो. दोन टॉर्पेडो उरले असतानाच घरची वाट धरतो. काफिल्यातलं सगळ्यात मोठं जहाज रक्षकांच्या मधोमध असेल तर कडेचं लहान घेतो आणि खोल जातो.

[दृश्य: पहाट. धुक्यात धक्का. छोटी पाणबुडी आत येते.]

माझं होडकं कीलला परत आलं तेव्हा ५ पैकी १ टॉर्पेडो शिल्लक होता. दोन जहाजं, दोन्ही लहान. नावलौकिक इतका की एक अनुभवी दुरुस्ती करणारा माणूस घेता आला, बाकी काही नाही. रोजनिशीत नोंद झाली, तारीख १९३९ च्या ऑक्टोबरमधली. टेबलावर पुढचा आदेश होता.

चौकोन ए-एन. पुन्हा उत्तर समुद्र.